आजीची वाकळ, रात्रीचे टाके आणि महिन्याचा पगार

पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ४२ असून मी एका पतसंस्थेत १६ वर्षे लिपिक आहे. हातात महिन्याला १९,००० रुपये येतात. हाताने काही ना काही करण्याची हौस लहानपणापासून आहे, पण आजवर कशातच टिकले नाही. मातीचे दागिने करून पाहिले, मग केकचा वर्ग लावला. त्यासाठी घेतलेला ओव्हन आज माळ्यावर आहे. २०२० च्या टाळेबंदीत ट्रंक आवरताना आजीच्या हातची वाकळ निघाली. तिचे काठ विरले होते. ते नीट करता करता मी गोधड्या शिवू लागले आणि तेव्हापासून सुई सुटलेली नाही. परवा एका कोपऱ्यात ओळ तिरपी गेली म्हणून रात्री दीड वाजता ११ ओळी उसवल्या, तेव्हा यजमान म्हणाले, "कुणाला दिसणार आहे?" आतापर्यंत २३ गोधड्या झाल्या. १४ नात्यात दिल्या, ९ विकल्या. मोठी २,२०० रुपयांना आणि बाळाचे दुपटे ६०० रुपयांना देते. आता पुण्यातल्या एका दुकानदार बाईंनी फोटो पाहून ३० नग मागितले आहेत. नणंद म्हणते, नोकरी सोड आणि हेच कर. यजमान म्हणतात, हौस आहे ती हौसच राहू दे. मुलगी यंदा दहावीला आहे आणि घराचा हप्ता ८,००० रुपये आहे. ही माझी खरी आवड आहे, की हीसुद्धा ओव्हनसारखी माळ्यावर जाईल? आणि खरी असेल, तर तिचा व्यवसाय कसा करावा?

एक वाचक भगिनी, कराड

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतील. पहिल्याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे आणि माझ्या मते ते "होय, आवड खरी आहे" असे आहे. दुसऱ्याचे उत्तर वहीत आकडे मांडल्याशिवाय मिळणार नाही, म्हणून त्या आकड्यांपाशी मी आज जरा जास्त वेळ थांबणार आहे. नोकरीविषयीचे माझे मत मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही: नोकरी आज सोडू नका, आणि ३० नगांची मागणी आहे तशी स्वीकारू नका.

आवड ओळखायची असेल तर आपल्याला आनंद कशात होतो ते पाहावे, असे सर्रास सांगितले जाते. मला ही कसोटी अपुरी वाटते, कारण आनंदाचा भाग प्रत्येकच कामात असतो. केकवर फुले काढताना तुम्हालाही आनंद झालाच असेल. पण वेळेवर पोहोचवायचा म्हणून पहाटे उठणे, तुपकट भांड्यांचा ढीग घासणे, उन्हाळ्यात क्रीम वितळू नये म्हणून जीव मुठीत धरणे हा जो त्या कामाचा रुक्ष भाग आहे, तो तुमच्या अंगवळणी पडला नाही आणि ओव्हन माळ्यावर गेला. यात तुमच्या चिकाटीचा दोष नाही; ते काम तुमचे नव्हते, एवढेच. आता गोधडीचा रुक्ष भाग पाहा. जुनी सुती लुगडी धुऊन वाळवायची, उजेडाकडे धरून विरलेला भाग शोधून कापून टाकायचा, थरावर थर जमिनीवर अंथरून मध्ये सुरकुती राहू न देता चारी बाजूंनी टाचून घ्यायचे, आणि मग त्याच त्या धावदोऱ्याच्या ओळी, एकीशेजारी एक, शेकड्यांनी. यात दाखवण्यासारखे काही नसते आणि कौतुक करायला जवळ कोणी नसते. तरीही एक ओळ तिरपी गेली म्हणून तुम्ही दीड वाजता ११ ओळी उसवल्या. कोणी सांगितले नव्हते, कोणाला दिसणारही नव्हते, पण तुम्हाला ते सहन झाले नाही. ज्या कामातला कंटाळवाणा भागसुद्धा आपल्याला नीटच करावासा वाटतो, ते काम आपले, असे मी मानते. आणि ही गोष्ट तुम्ही एका रात्री नव्हे, टाळेबंदीपासून आजपर्यंत करत आला आहात.

आधी दोन गोष्टी सोडल्या, याचीही खंत बाळगू नका. कराडहून सांगलीकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही अनेकदा किर्लोस्करवाडी स्टेशन ओलांडले असेल. ज्यांच्या नावाने ती वाडी वसली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना मुळात ओढ होती चित्रकलेची. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि तिथे लक्षात आले की, आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांची वाट तिथे संपली, पण रेषेची संपली नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागले, मग बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान, त्यानंतर कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर, असे करत १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला. चित्रकला सुटली, पण यंत्राचा आराखडा रेखाटायला लागणारी नजर तिनेच घडवली असणार. मातीच्या दागिन्यांनी आणि केकवरच्या फुलांनी तुमच्याही रंगसंगतीला काही दिले असेल. लुगड्याचे काठ आणि ठिगळे तुम्ही कशी जुळवता, ते तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मी बारकाईने पाहिले. ही नजर आजच आलेली नाही.

त्या नांगरांची आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. लोखंडी फाळाने जमिनीत विष भिनेल, असे वाटून शेतकरी सुरुवातीला ते नांगर घ्यायलाच तयार नव्हते. वस्तू उत्तम असणे आणि ती विकली जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आवड खरी आहे एवढ्यावरून व्यवसाय होईल असे समजू नये. तुम्ही ज्या १४ गोधड्या नात्यात दिल्या, त्यांचे कौतुक हिशेबात धरू नका. विकलेल्या ९ पैकी अनोळखी माणसांनी किती घेतल्या, तेवढेच धरा. ती संख्या तुम्ही पत्रात दिलेली नाही. ती शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता हिशेब. तुमची मोठी गोधडी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब आहे असे समजू या आणि ओळींमध्ये एक इंचाचे अंतर धरू या. म्हणजे ९० इंचांच्या ६० ओळी, एकूण ५,४०० इंच, सुमारे १३७ मीटर हातशिलाई. एका ओळीला ४० मिनिटे धरली, तर ओळींनाच ४० तास लागतात. धुणे, कापणे, टाचणे आणि काठ दुमडून शिवणे यांचे आणखी ६ तास धरा. एकूण ४६ तास झाले. वरचे नवे सुती कापड, दोरा, धुलाई आणि पाठवणी यांवर ९०० रुपये जातात असे मानले, तर २,२०० रुपयांतून १,३०० उरतात. त्यांना ४६ ने भागा. तासाला २८ रुपये पडतात.

हाच हिशेब पगाराचा करा. महिन्याला साधारण २०० तास कामाचे धरले, तर १९,००० रुपये म्हणजे तासाला ९५ रुपये. जिथे तुमच्याऐवजी दुसरी कोणीही बसू शकेल, त्या खुर्चीवर तुमचा तास ९५ रुपयांचा आहे, आणि जी गोष्ट तुमच्या हाताशिवाय होऊच शकत नाही, तिथे तो २८ रुपयांचा आहे. हे आकडे मी अंदाजाने धरले आहेत. तुम्ही घड्याळ लावून स्वतःचे काढा. पण उत्तर फार वेगळे येईल असे मला वाटत नाही. आपल्याकडे बायकांच्या हातच्या कामाची किंमत करताना फक्त कापडाचे आणि दोऱ्याचे पैसे धरतात, वेळ धरतच नाहीत, कारण तो वेळ घरातलाच, दुपारचा किंवा रात्रीचा, म्हणजे जणू फुकटचा. तुम्हीही नकळत तेच केले आहे. मला याचे फार वाईट वाटते, म्हणून जरा ठासून सांगते आहे: तुमच्या रात्री फुकटच्या नाहीत.

तासाला ९५ रुपये मजुरी धरली, तर त्या गोधडीची मजुरी ४,३७० रुपये होते. त्यात ९०० मिळवले की ५,२७० झाले. नासलेले कापड, फोटो काढणे, चौकशांना उत्तरे देणे यासाठी वर १५ टक्के धरले, तर किंमत ६,००० रुपयांच्या आसपास जाते. तुमचे आजचे ग्राहक ही किंमत देणार नाहीत. ती देणारी माणसे आहेत, पण त्यांना गाठायला वेळ आणि नाव, दोन्ही लागते. म्हणूनच तुमच्या व्यवसायाची सुरुवात मोठ्या गोधडीने न होता दुपट्याने व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपटे ३६ बाय ४२ इंचांचे धरा. त्याच गतीने ओळींना सुमारे सव्वाअकरा तास आणि बाकीचे पावणेतीन, असे १४ तास होतात. मजुरी १,३३० रुपये, कापड २२० रुपये, वर १५ टक्के, म्हणजे सुमारे १,८०० रुपये. तुम्ही ते ६०० ला देत आहात. १,८०० रुपये दुपट्याला जास्त वाटतील, पण बारशाच्या आहेराला ते जास्त वाटत नाहीत, कारण आहेर घेणारा माणूस कापडाचा भाव लावत नसतो; बाळाला पणजीच्या लुगड्याची ऊब मिळावी, यासाठी तो पैसे देत असतो. यातला दुसरा फायदा तर तुमच्यासारख्या नोकरदार बाईला सोन्यासारखा आहे. बाळ येणार ही बातमी घरात काही महिने आधीच असते. डोहाळजेवणाच्या सुमारास मागणी आली, तर बारशापर्यंत तुमच्या हातात दोन-तीन महिने सहज असतात. दिवाळीच्या फराळासारखी एकाच आठवड्यात सगळ्यांची घाई इथे नसते आणि बाळे वर्षभर जन्माला येत असतात. रात्री दोन तास शिवणाऱ्या माणसाला झेपेल असा हा माल आहे.

आठवड्याला १२ तास मिळतात असे धरले, तर महिन्याला तीन दुपटी आरामात होतील. त्यांतून मजुरीचे ४,००० रुपये हाती राहतात. घराच्या हप्त्याचा अर्धा भाग झाला. हे लहान वाटत असेल, तर उलट बाजूनेही पाहा. उद्या नोकरी सोडून तुम्ही पूर्णवेळ शिवायला बसलात, महिन्याला १४० तास सुई चालवलीत आणि केलेले एकूण एक दुपटे १,८०० रुपयांना विकले गेले, तरी १० दुपट्यांची मजुरी १३,३०० रुपये होते. पगारापेक्षा ती कमीच आहे, आणि पगाराबरोबर जे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आणि रजा मिळतात, ते यात नाहीत. तुमच्या एकटीच्या दोन हातांनी हा पगार भरून निघणार नाही, हे वहीत दिसते आहे. मुलीचे दहावीचे आणि त्यापुढचे दोन वर्षांचे शिक्षण समोर असताना नणंदबाईंचा सल्ला कितीही प्रेमाचा असला, तरी तो घेऊ नये.

मग खरा प्रश्न वेगळाच निघतो. भाव वाढवून, थोडे आणि उत्तम शिवणारी कारागीर म्हणून तुम्हाला राहायचे आहे, की इतर बायकांच्या हातांना काम देऊन व्यवसाय मोठा करायचा आहे? दुसऱ्या मार्गाने गेलात, तर तुमच्या हातातली सुई हळूहळू कमी होईल आणि टेप, वही आणि फोन वाढतील. दुसरीच्या तिरप्या ओळी पाहून तिला न दुखावता "या उसव" असे सांगणे, हे तुमचे काम होईल. काहींना ते मनापासून आवडते, काहींचा त्याने जीव गुदमरतो. आवड शिवण्याची असली म्हणून शिवून घेण्याचीही असेलच असे नाही, आणि हे आधी तपासता येते. शेजारच्या किंवा माहेरच्या गावातल्या, वाकळ शिवता येणाऱ्या दोघींना एकेक दुपटे तुमच्या कापडावर शिवायला द्या, मजुरी आधी ठरवा, माल हातात आला की त्याच दिवशी रोख द्या, आणि त्या दोन महिन्यांत तुमच्या मनाचे काय होते ते बघा.

हाताचे काम घरोघरी करूनही एकसारखा माल कसा काढता येतो, याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण लिज्जत पापडाचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केले. त्यांच्या पद्धतीतली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती गोष्ट अशी की, पीठ प्रत्येकीने आपापले मळायचे नाही. ते एका ठिकाणी मळून मिळते, बायका ते घरी नेऊन लाटतात, पापड परत आणून देतात आणि लाटण्याचे पैसे घेतात. चव बिघडण्याची जागा एकाच ठिकाणी सांभाळली जाते. तुमच्या कामात चव बिघडण्याची जागा म्हणजे कापडाची निवड, रंगांची जुळणी आणि टाचण. ही तीन कामे स्वतःकडे ठेवून, खडूने ओळी आखून टाचलेले दुपटे तुम्ही दिलेत, तर दुसरीचा हात फार वाहवत जाणार नाही. सुईचा आणि दोऱ्याचा क्रमांकही तुम्हीच ठरवून द्या.

आता एका नाजूक विषयाकडे वळते. तुमच्याकडे लोक पुढे आईची, आजीची लुगडी घेऊन येतील आणि याची गोधडी करून द्या म्हणतील. हे काम सर्वांत समाधानाचे आहे आणि सर्वांत जोखमीचेही. पन्नास वर्षांचे लुगडे घडीवर चिरते. वरून धडधाकट दिसते आणि सुई घातली की दोऱ्याबरोबर फाटत जाते. लाल किंवा गर्द निळा रंग पहिल्याच पाण्यात शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. असे लुगडे घेताना ते गिऱ्हाइकासमोरच उलगडा, विरलेल्या जागा दाखवा, फोटो काढा, आणि कोणता भाग वर येईल, कोणता आत थर म्हणून जाईल, कोणता टाकून द्यावा लागेल हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. एक कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का ते तिथेच पाहा. उरलेला प्रत्येक तुकडा, अगदी वीतभर असला तरी, पिशवीत घालून परत करा. गेलेल्या आईच्या लुगड्याची चिंधी म्हणजे चिंधी नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमची स्वतःची सुरुवात आजीच्या विरलेल्या काठांपासूनच झाली आहे.

पुण्याच्या ३० नगांबद्दल. त्या बाईंनी माल विकत मागितला आहे की जांगड, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. जांगड म्हणजे माल त्यांच्याकडे ठेवायचा, विकला तर पैसे, नाही तर माल परत. मी २० वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाच्या कापडाच्या पिशव्या आणि तोरणे करत असे. एका मोठ्या शहरातल्या दुकानाला मी ६० नग जांगड दिले होते. त्यातले ४१ विकले गेले, त्याचे पैसे नऊ महिन्यांनी तुकड्यातुकड्यांनी आले, आणि उरलेले १९ नग परत आले ते दर्शनी काचेतल्या उन्हाने रंग उडालेले. सही-शिक्क्याचा कागद नव्हता, त्यामुळे बोलायलाही जागा नव्हती. त्या नऊ महिन्यांत नवे कापड घ्यायला माझ्याकडे भांडवल नव्हते आणि दिवाळीचा हंगाम हातचा गेला. तुमच्या बाबतीत तर ३० नग म्हणजे, ती दुपटी असली तरी, ४२० तास होतात. आठवड्याला १२ तासांनी ते ३५ आठवड्यांचे काम आहे. शिवाय दुकानदाराला त्याचा हिस्सा ठेवायचा असतो, तो बहुधा तुमच्या मजुरीतूनच जातो. म्हणून आज तरी थेट ग्राहकच बरे. दोन-तीन वर्षांनी चार हात जोडीला आले, की बचत गटातर्फे महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत उतरण्याचा विचार करता येईल. तिथे माल घेणारा माणूस समोर उभा असतो आणि त्याच्या तोंडून भाव कळतो.

कागदपत्रांचे ओझे तुम्हाला वाटते तेवढे नाही. आधी एक गोष्ट पाहा: पतसंस्थेच्या सेवानियमांत नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करण्यास मनाई किंवा पूर्वपरवानगीची अट आहे का. असेल तर लेखी परवानगी मागा. चोरून केलेले काम मनाला खात राहते. त्यानंतर लहान उद्योगांसाठी असलेली केंद्र सरकारची उद्यम नोंदणी करा. २०२० पासून ती ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, आधार आणि पॅन एवढ्यावर होते. तिच्यासाठी पैसे मागणारे मध्यस्थ टाळा. जीएसटीची नोंदणी सक्तीची होण्याची मर्यादा मालाच्या विक्रीला आपल्या राज्यात वार्षिक ४० लाख रुपये आणि सेवेला २० लाख रुपये आहे, तेव्हा तो विषय तुमच्यापासून दूर आहे. मोठ्या संकेतस्थळांवरून परराज्यांत विकायचे ठरले, तर मात्र आधी करसल्लागाराला विचारा. मुद्रा योजनेत शिशु गटाखाली ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते, पण तुम्हाला आज कर्ज कशासाठी हवे? कापडाला लागणारे पैसे ग्राहकाकडून अर्धी रक्कम आगाऊ घेऊन उभे राहतात. वेगळे बचत खाते मात्र याच आठवड्यात उघडा, आणि गोधडीचा रुपया घरखर्चात मिसळू देऊ नका. मिसळला, की व्यवसाय चालला आहे की घर त्याला पोसते आहे, हे कळेनासे होते.

यजमानांविषयी तुम्ही थोडे दुखावून लिहिले आहे, असे मला वाटले. हौस हौसच राहू दे, हे त्यांचे म्हणणे मी तोडून टाकणार नाही. पैशाचा संबंध आला की कामाचा गोडवा जातो, ही भीती खोटी नाही. तुमच्या पसंतीचा हिरवा सोडून गिऱ्हाइकाच्या पसंतीचा भडक गुलाबी शिवावा लागेल, ताप असताना तारीख पाळावी लागेल, आणि एखादी बाई पैसे देऊनही नाक मुरडेल. हे सोसते का, ते आधी पाहायला हवे. पुढची पाच दुपटी पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या रंगांत आणि तारखेत शिवा. पाचव्यानंतरही सहावे हातात घ्यावेसे वाटले, तर पुढे जा. आणि काही झाले तरी वर्षातून एक गोधडी अशी शिवा, जिला भाव नाही, तारीख नाही आणि जी विकायची नाही. यजमानांना तासांचा हिशेब दाखवा, त्यांच्याबरोबर बसून तो तपासा. कदाचित त्यांना हौसेची अडचण नसेलच. दीड वाजता जागी असलेली बायको सकाळी आठला डबा करून कामावर जाते, याची काळजी असेल. तसे असेल तर रात्रीचे तास कमी करून रविवारची सकाळ मिळवता येईल का, आणि त्या सकाळचा स्वयंपाक कोण करील, हे घरात बोलून ठरवा.

एक वर्ष असे जाऊ द्या. वर्षाच्या शेवटी तीन आकडे माझ्याकडे पाठवा: अनोळखी ग्राहक किती मिळाले, तासाला प्रत्यक्ष किती रुपये पडले, आणि त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्या कोणाला तुमचे नाव सांगितले. घरखर्चाचे किमान आठ महिन्यांचे पैसे बाजूला पडले असतील आणि जोडीच्या बायकांच्या हातचा माल तुमच्या पसंतीस उतरत असेल, तर नोकरीविषयी आपण पुन्हा बोलू.

पुण्याच्या बाईंना उत्तर द्यायला तुम्ही संकोचत आहात, असे पत्राच्या सुरावरून दिसते. हवे तर हेच शब्द वापरा: "सप्रेम नमस्कार. माझे काम आपल्याला आवडले, याचा आनंद झाला. मी सर्व शिलाई हाताने करते, त्यामुळे महिन्याला तीनच दुपटी देऊ शकते. आपल्या दुकानासाठी पहिली तीन दुपटी तयार करून देईन. किंमत प्रत्येकी १,८०० रुपये, अर्धी रक्कम मागणीबरोबर आणि उरलेली माल पाठवण्यापूर्वी. माल जांगड देत नाही. ही तीन विकली गेल्यावर पुढची मागणी जरूर कळवावी."